आजारपणानंतर फुटबॉल: परत उतरायचं की बूट टांगायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, खारघर या पट्ट्यात लीग खेळणारे, कंपनीच्या संघातून खेळणारे आणि रविवारी सकाळी टर्फवर घाम गाळणारे खेळाडू, त्यांचे आईवडील आणि प्रशिक्षक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं देणारा मुलांना फुटबॉल शिकवतो, डॉक्टर नाही. औषधाचा डोस किंवा ऑपरेशनचा सल्ला इथे मिळणार नाही.

डॉक्टर म्हणाले, 'खेळ बंद.' म्हणजे कायमचा?

आधी आजाराचं नाव विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या. 'हार्टचा थोडा प्रॉब्लेम आहे' एवढ्यावर कुणीही काहीही ठरवू नये. 'बंद' या शब्दामागे प्रत्येक आजारात वेगळी मुदत असते.

हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, म्हणजे मायोकार्डायटिस असेल, तर साधारण तीन ते सहा महिने पूर्ण विश्रांती, मग पुन्हा तपासण्या आणि सगळं जागेवर आलं असेल तर हळूहळू खेळ. यात बरेच खेळाडू परततात. हृदयाचा स्नायू आनुवंशिक कारणाने जाड झाला असेल, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असेल, तर तो महिन्यांत जाणारा आजार नव्हे. तिथे प्रश्न आयुष्यभराच्या जोखमीचा आहे. पूर्वी अशा खेळाडूला सरसकट स्पर्धात्मक खेळ बंद करायला सांगत. आता तज्ज्ञ प्रत्येकाची जोखीम वेगळी मोजून, खेळाडूशी बोलून ठरवतात. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला असेल, तर तो आणखी वेगळा मामला, आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला असेल तर जिवाचा प्रश्नच नाही, पुढच्या गुडघेदुखीचा आहे. हे सगळं एकाच 'बंद'मध्ये कोंबलं की खेळाडू उगाच खचतो नाहीतर उगाच शेफारतो.

पण एरिक्सन तर परत खेळला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणाऱ्याला 'हो' एवढंच ऐकायचं असतं. तर हो, खेळला. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन पहिला हाफ संपत आला असताना कोसळला. हृदय थांबलं होतं. मैदानातच छातीवर दाब दिला गेला, डिफिब्रिलेटर या यंत्राने विजेचा झटका दिला आणि तो शुद्धीवर आला. मग छातीत आयसीडी हे उपकरण बसवलं. हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले तर ते आतूनच झटका देतं. जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबने त्याला घेतलं, फेब्रुवारीच्या शेवटी तो न्यूकॅसलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि युरो २०२४ मध्ये त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध गोलही केला.

आता जो भाग कुणी सांगत नाही तो ऐका. कोसळला तेव्हा तो इंटर मिलानचा खेळाडू होता, पण आयसीडी लावून त्याला इटलीत खेळता आलं नाही. तिथे स्पर्धेत उतरायला दरवर्षी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि असं उपकरण असलेल्याला ते मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये करार संपवण्यात आला. इंग्लंडमध्ये तशी सरसकट बंदी नव्हती. म्हणजे शरीर तेच, उपकरण तेच, फक्त देश बदलला आणि उत्तर बदललं.

दुसरी गोष्ट आमच्यासाठी जास्त महत्त्वाची. एरिक्सन जिथे कोसळला तिथे डॉक्टर काही सेकंदांत पोचले, यंत्र बाजूला तयार होतं. तो परतला तेही अशाच मैदानांवर. तुम्ही परतणार आहात ते घोडबंदर रोडवरच्या टर्फवर. तिथे रात्री दहाचा स्लॉट, बाहेर उड्डाणपुलाचं काम आणि मदत म्हणजे काउंटरवर पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा. मी परत खेळू शकतो का, हा प्रश्न अर्धाच आहे. 'कुठल्या मैदानावर, कोण हजर असताना' हे त्याला जोडल्याशिवाय कुठलाही डॉक्टर खरं उत्तर देऊ शकत नाही. दुर्दैवाने ओपीडीत ते कुणी विचारत नाही, तुम्हीच सांगायचं.

मग अग्वेरो आणि कासियास यांनी का सोडलं? पैसा, डॉक्टर त्यांच्याकडेही होतेच.

होते. सर्जिओ अग्वेरोला ऑक्टोबर २०२१ मध्ये बार्सिलोनाकडून खेळताना छातीत त्रास झाला, ठोक्यांची गडबड निघाली आणि डिसेंबरमध्ये ३३ व्या वर्षी त्याने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. स्पेनचा गोलकीपर इकर कासियासला मे २०१९ मध्ये पोर्तोच्या सरावात हृदयविकाराचा झटका आला. पुन्हा एकही अधिकृत सामना न खेळता पुढच्या वर्षी त्याने थांबायचं ठरवलं. बोल्टनच्या फॅब्रिस मुआम्बाचं हृदय मार्च २०१२ मध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात ७८ मिनिटं स्वतःहून चाललं नाही. तो वाचला आणि त्याच वर्षी २४ व्या वर्षी निवृत्त झाला.

उलट नेदरलँड्सचा डेली ब्लिंड २०१९ च्या शेवटी आयसीडी बसवून दोनेक महिन्यांत आयॅक्सकडून परत खेळला आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने गोल केला. नायजेरियाच्या न्वान्क्वो कानूच्या हृदयाच्या झडपेवर १९९६ मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तो आर्सेनलमध्ये गाजला. ही नावं एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नका. प्रत्येकाचा आजार वेगळा होता. व्हॉट्सअॅपवर कानूचा व्हिडिओ पाठवणाऱ्या मित्राला तुमचा इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट वाचता येतो का, तेवढं विचारा.

भारतात असं कुणाचं झालंय का?

झालंय, आणि ते प्रकरण प्रत्येक प्रशिक्षकाने नीट समजून घ्यायला हवं. अन्वर अली, पंजाबचा सेंटर-बॅक, म्हणजे बचावपटू. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये तो भारताकडून खेळला. तीच स्पर्धा, जिच्यातला स्पेन-माली उपांत्य सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. नवी मुंबईतल्या कित्येक पोरांनी जागतिक दर्जाचं फुटबॉल तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. पुढे अन्वर मुंबई सिटीकडे आला. २०१९ मध्ये तपासणीत त्याच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचं निघालं. वय एकोणीस. २०२० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून थांबवलं.

त्याने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जोखीम मला समजते, ती घ्यायची की नाही हे मला ठरवू द्या. महासंघाची बाजूही पोकळ नव्हती. २००४ च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर मैदानातच कोसळला आणि दगावला होता. ती आठवण कुठल्याही पदाधिकाऱ्याच्या डोक्यातून सहज जाणारी नाही. पुन्हा वैद्यकीय मतं घेतली गेली, वाट मोकळी झाली. २०२१ मध्ये अन्वर दिल्ली एफसीकडून उतरला, मग एफसी गोवा. मार्च २०२२ मध्ये बहरीनविरुद्ध भारताकडून पदार्पण आणि जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध गोल. पुढे मोहन बागान, मग ईस्ट बंगाल.

माझं मत विचाराल तर, अन्वरला खेळू दिलं ते बरोबर झालं आणि महासंघाने आधी थांबवलं तेही बरोबर होतं. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. मधल्या काळात तज्ज्ञांनी फाईल उघडली, जोखीम मोजली आणि खेळाडूने डोळे उघडे ठेवून हो म्हटलं. आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांमध्ये हा मधला भागच गायब असतो. फॉर्मवर 'मी स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे' अशी ओळ असते, तिच्याखाली सही करायची, संपलं.

कुठल्या तपासण्या कराव्या लागतात?

ठरवणार डॉक्टरच. हृदयाचा विषय असेल तर सहसा ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, चोवीस तास किंवा जास्त वेळ लावायचा होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, आणि शंका उरली तर हृदयाचा एमआरआय. स्ट्रेस टेस्टबद्दल एक सांगणं: ती फुटबॉलपटूसारखी व्हावी. पन्नाशीच्या गृहस्थाला पुरेल तेवढ्यावर 'ठीक आहे' म्हणून उतरवलं, तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. तुम्ही नव्वद मिनिटांत कितीदा स्प्रिंट मारता हे सांगा.

आणखी एक. नियमित खेळणाऱ्याचा ईसीजी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये 'अॅबनॉर्मल' छापून येणं फार सामान्य आहे. विश्रांतीत ठोके पंचेचाळीस-पन्नास असणं, काही लाटा उंच दिसणं हे सरावाने होतं. त्याने घाबरू नका, पण स्वतःच सरावाच्या नावावर खपवूही नका. खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या. आणि मूळ रिपोर्टची फाईल घरी ठेवा, फक्त मोबाइलमध्ये फोटो नको.

फॅमिली डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट चालेल का?

स्पर्धेच्या टेबलावर चालतं. तुमच्या हृदयाला चालत नाही.

एक डॉक्टर हो म्हणतात, दुसरे नाही. कुणाचं ऐकू?

तिसरा शोधायच्या आधी दोघांना एकच फाईल दिली होती का ते तपासा. बरेचदा एकाला जुना इको दाखवलेला असतो, दुसऱ्याला नवा. एकाला 'सरावाला जातो' असं सांगितलेलं असतं, दुसऱ्याला 'लीग खेळतो' असं. दोन्ही वेळा माहिती सारखी देऊनही मतं वेगळी आली, तर दोघांना लेखी विचारा: किती तीव्रतेपर्यंत चालेल, कुठल्या लक्षणाला थांबायचं, पुढची तपासणी कधी. तेव्हा मतभेद बहुतेक वेळा 'खेळ की नको' एवढा मोठा राहत नाही. तो 'स्पर्धा नको, हलका सराव चालेल' इथपर्यंत येतो. हो म्हणणारा डॉक्टर मिळेपर्यंत दवाखाने बदलत राहणं हा प्रकार मात्र ठाण्यापासून पनवेलपर्यंत सर्रास चालतो आणि त्याला दुसरं मत घेणं म्हणत नाहीत.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. खेळू का?

त्या गोळ्या कुठल्या आहेत यावर बरंच अवलंबून आहे, पण रक्त गोठू न देणारी पक्की औषधं चालू असताना धडक होणारा खेळ नको, हेच बहुतेक तज्ज्ञ सांगतील. हेडरला उडी मारताना डोकं डोक्यावर आपटलं तर आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांना न विचारता मॅचच्या दिवशी गोळी चुकवणं हा उपाय नाही. ते जास्त धोक्याचं.

बाकी गोळ्या, इंजेक्शनं? डोपिंगमध्ये अडकेन का?

अडकू शकता. डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारी औषधं, रक्तदाबासाठी अगदी सहज लिहून दिली जातात आणि ती सर्व खेळांत बंदीच्या यादीत आहेत. इन्सुलिनही आहे. मधुमेही खेळाडूने यासाठी वैद्यकीय सूट, म्हणजे टीयूई घ्यायची असते. बीटा-ब्लॉकर नेमबाजी, तिरंदाजी अशा खेळांत बंद आहेत, फुटबॉलमध्ये नाहीत. पण ठोके मंदावल्यामुळे स्प्रिंटमध्ये पाय जड वाटतील, त्याची तयारी ठेवा. जिममधल्या भाईने दिलेली पावडर आणि हृदयाचा आजार यांची जोडी जमवू नका.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांत परत येतो असं सर म्हणाले होते.

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या मुख्य लिगामेंटच्या ऑपरेशननंतर निदान नऊ महिने थांबावं, आणि तेही कॅलेंडर बघून नव्हे. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येतं का, हे फिजिओ मोजून सांगतो. घाईत परतणाऱ्या तरुण पोरांचा लिगामेंट पुन्हा तुटतो, कधी कधी दुसऱ्या पायाचा.

स्पेनच्या सांती काझोर्लाच्या टाचेवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, जखमेत जंतुसंसर्ग झाला, बागेत मुलासोबत चालता आलं तरी नशीब समज असं त्याला सांगण्यात आलं. २०१८ मध्ये तो व्हियारेआलकडून परतला आणि पुढच्या वर्षी स्पेनकडूनही खेळला. सुंदर गोष्ट आहे. पण त्याला दिवसभर दुसरं काम नव्हतं. तुम्हाला ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहून ऑफिस गाठायचं असतं, आणि फिजिओच्या बाराव्या सेशननंतर 'आता घरीच करतो' म्हणायचं असतं.

डोक्याला मार लागला होता. आता बरं वाटतंय.

त्याच दिवशी परत खेळायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. पुढे पायरी-पायरीने. गोलकीपर पेत्र चेकच्या कवटीला ऑक्टोबर २००६ मध्ये फ्रॅक्चर झालं, तो तीनेक महिन्यांत हेडगार्ड घालून परतला आणि नंतर अनेक वर्षं खेळला. रायन मेसनची कवटी जानेवारी २०१७ मध्ये फुटली, त्याला वर्षभराने २६ व्या वर्षी निवृत्ती घ्यावी लागली. डोकं एकच आहे.

डेंग्यू, टायफॉइड, कोविडनंतर कधी सुरू करू?

पावसाळ्यात आमच्याकडे अर्धा संघ यातून जातो. ताप असताना सराव नाही, ताप गेल्यावरही लगेच नाही. प्लेटलेट वर आल्या म्हणजे ताकद आली असं होत नाही. आधी चालणं, मग हलकं धावणं, मग चेंडू, शेवटी मॅच. यात कुठेही छातीत दुखलं, धडधड झाली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा चक्कर आली तर ईसीजी करा. विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि ती अंगावर काढणारे बहुतेक वेळा 'अशक्तपणा आहे' असंच समजत असतात.

आमच्या मैदानावर निदान काय असायला हवं?

तीन गोष्टी: छातीवर दाब द्यायला शिकलेली दोन-चार माणसं, एईडी यंत्र (कुणालाही वापरता येणारा डिफिब्रिलेटर) किंवा ते सगळ्यात जवळ कुठे आहे याची माहिती, आणि ॲम्ब्युलन्स आत येईल असं उघडं गेट. गेटची किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न फालतू वाटतो. रात्री अकराला वॉचमन जेवायला गेलेला असतो तेव्हा तो फालतू राहत नाही.

कुणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि प्रतिसाद देत नसेल, तर हृदय थांबलंय असंच धरून चाला. अशा वेळी हातपाय झटके देतात, घशातून घरघर येते. लोक त्याला फिट समजतात, कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, हातात किल्ल्या देतात. त्यात जी मिनिटं जातात तीच जगण्याची असतात. मदत नसेल तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घसरते. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची: मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. एईडी आलं की चालू करायचं, पुढे ते स्वतःच बोलून सांगतं. झटक्याची गरज नसेल तर ते तो देत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही.

बिब्स, चषक आणि डीजेला वर्गणी निघते. चार-पाच संघांनी मिळून एक यंत्र घेणं अशक्य नाही. एवढं झाल्याशिवाय हृदयाचा आजार झालेल्या खेळाडूला स्पर्धेत उतरवू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, मग तो कितीही चांगला स्ट्रायकर असो.

घरचे अजिबात तयार नाहीत. आई तर बूट लपवून ठेवते.

आईला पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. 'काही होत नाही गं' हे तिने आयुष्यभर ऐकलंय, त्याने काही फरक पडत नाही. लग्न झालेलं असेल तर बायकोशी पैशांचंही बोला. आरोग्य विम्यात आधीपासूनचा आजार लपवू नका. तो सांगितला तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते, लपवला तर दावाच नाकारला जाऊ शकतो. आणि घरचे सगळं ऐकूनही नको म्हणाले, तर ते तुमचं स्वप्न मोडतायत असं धरून चालू नका. कोसळलेल्याला उचलायला शेवटी तेच येणार असतात.

माझा मुलगा पंधराचा आहे. त्याची तपासणी करून घेऊ का?

घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, किंवा मुलगा धावता धावता कधी बेशुद्ध पडला असेल, तर लगेच करा. उन्हामुळे झालं असेल म्हणून सोडू नका. खेळ थांबल्यावर उभ्या उभ्या चक्कर येणं वेगळं, ऐन स्प्रिंटमध्ये कोसळणं वेगळं. दुसरं जास्त गंभीर.

निवृत्ती जाहीर करून परत आलो तर लोक हसतील.

सुनील छेत्रीने ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध कोलकात्यात निरोप घेतला, देश रडला. मार्च २०२५ मध्ये तो परत आला आणि मालदीवविरुद्ध गोल केला. कुणी हसलं नाही, उलट हायसं वाटलं. त्याचं कारण आजारपण नव्हतं, पण लाजेचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. तुमची निवृत्ती तर फक्त ग्रुपच्या डीपीवर होती.

खेळणं सोडलं तर फुटबॉलमध्ये काय उरतं?

महासंघाचा डी लायसन्स कोर्स करून मुलांना शिकवता येतं. आधी त्यात किती धावायचं आहे ते विचारून घ्या आणि आजाराची कल्पना द्या. रेफरी होणं सोपं वाटतं, पण तिथेही फिटनेस टेस्ट असते आणि मॅचमध्ये रेफरी काही खेळाडूंपेक्षा जास्त पळतो. हृदयासाठी खेळ सोडून शिट्टी घेणं हा काही आरामाचा मार्ग नव्हे. संघ व्यवस्थापन, स्कोअर, व्हिडिओ विश्लेषण, स्पर्धेचं वैद्यकीय नियोजन, या कामांना माणसं मिळत नाहीत. गोलकीपर होऊन खेळायचं म्हणाल, तर धावणं कमी झालं तरी धडक तशीच राहते. आयसीडी किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत ते विचारल्याशिवाय नको.

सगळ्या परवानग्या मिळाल्या. पहिली मॅच कोणती खेळू?

मैत्रीपूर्ण सामना, दिवसाउजेडी, ओळखीच्या संघाविरुद्ध. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात दुपारी नाही, आणि तापलेल्या कृत्रिम टर्फवर तर नाहीच. वीस मिनिटं ठरवून उतरा आणि बाहेर बोलवायचा अधिकार प्रशिक्षकाला द्या, स्वतःकडे ठेवू नका. दोन्ही संघांना तुमच्या आजाराबद्दल आधी सांगा. आयसीडी असेल तर तेही सांगा. यंत्राने आतून झटका दिला तर तुम्हाला हात लावणाऱ्याला इजा होत नाही, हेही त्यांना कळू द्या. दुसऱ्या दिवशी कसं वाटलं ते लिहून ठेवा आणि पुढची तपासणी होईपर्यंत वेळ वाढवू नका.